रेवेचे रिकामे आसन

एका राज्यात एक नियम होता, आणि त्या नियमाला प्रश्न विचारायचा नाही, असा दुसराही होता. शंख वाजला आणि वनपट नावाच्या खेळाच्या पटाभोवतीचे एखादे आसन रिकामे राहिले, तर त्या गड्याची बाहुली अग्नीत टाकायची.

हा पट एका मायाव्याने शापलेला होता. त्यावर बोटभर उंचीचे खरे अरण्य उगवे. पाच गडी पाच सागवानी बाहुल्यांच्या तोंडचे बोलत, आणि त्या बोलण्यावर बाहुल्या चालत. बाहुली जळली की गड्याची वाचा जाई. पाचही बाहुल्या मिळून शेवटच्या दारातून पार झाल्या, तरच सगळ्यांच्या गेलेल्या वाचा परतणार होत्या. शंभर वर्षांत ते घडले नव्हते. दर खेळात कोणाला ताप येई, कोणाच्या घरी लग्न निघे, आणि तीन वृद्ध पंच बाहुली जाळून चार गड्यांना पुढे धाडत. शेवटी पाच कुठून येणार? अर्धे राज्य खुणा करून भाजी घेत होते, तरी पंचांना हे कळले नाही.

त्या वर्षी शंख वाजला आणि रेवा सुईणीचे आसन रिकामे होते. खांबावरची साळुंकी म्हणाली, "पलीकडच्या गावी एक बाई अडली आहे. रेवा तिकडे गेली."

"कारण विचारले नाही," थोरले पंच म्हणाले. "बाहुली आण."

शाई करणाऱ्याची लेक शाल्मली हीही एक गडी; बाकीचे एक माहूत आणि दोघे कोष्टी भाऊ. शाल्मलीने रेवेची बाहुली उचलली आणि पदरात बांधली. "आजोबा, तुमच्या जन्माच्या वेळी सुईण खेळायला गेली असती तर?"

"नियमाला प्रश्न नाही."

"मी नियमाला कुठे विचारते? तुम्हाला विचारते."

खेळ पाहायला बसलेला राजा हसला. म्हणाला, "तीन दिवस खेळा. पार झालात तर उत्तम. अडलात तर रेवेची बाहुली जळेल, आणि तुझीही."

"मान्य," शाल्मली म्हणाली.

पहिल्या दिवशी वाघांची खिंड आली. रेवेची बाहुली जागची हलेना. शाल्मलीच्या बाहुलीने तिला पाठुंगळी घेतले आणि खिंड ओलांडली.

दुसऱ्या दिवशी विषवेलींचे रान आले. माहुताच्या बाहुलीला काटा लागला, ती निळी पडली. औषध रेवेच्या बाहुलीच्या झोळीत होते, पण झोळी उघडेना. दोघा कोष्टी भावांपैकी धाकटा म्हणाला, "रेवा म्हणाली असती, पाय कापा." बाहुली ढिम्म.

"तुझ्याच मनातले तिच्या तोंडी घालू नकोस," थोरला म्हणाला.

शाल्मलीने डोळे मिटून रेवेला आठवले. "रेवा आधी म्हणते, गर्दी करू नका. मग पाणी उकळायला लावते." तोच बाहुलीचे लाकडी हात हलले. तिने पाणी ठेवले, झोळी उघडली, माहुताची बाहुली वाचवली.

तिसऱ्या दिवशी शेवटचे दार आले. दार म्हणाले, "प्रत्येकाने आपल्या आवाजात आपले नाव सांगावे." चौघांनी सांगितले. साळुंकी खाली उतरली. "रेवेचा आवाज मी हुबेहूब काढते."

"काढू दे," पंच म्हणाले. "वेळ संपत आली."

"नको," शाल्मली म्हणाली. "तिला आम्ही पाठीवर आणले. तिचे नाव तीच सांगेल. तोवर खेळ थांबला."

सूर्य तटाला टेकला. राजसेवकांनी अग्नी फुलवला. तेवढ्यात रेवा आली, लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "कुठवर आलात ग?"

"दारापर्यंत. नाव सांग."

रेवेने नाव सांगितले. दार उघडले. पाच बाहुल्या पार झाल्या, आणि राज्यभर वाचा परतल्या. बाजारात तर वीस वर्षांची तुंबलेली भांडणे एकदम सुरू झाली.

पंचांनी शाल्मलीला बोलावले. "यंदा अपवाद झाला. शाप गेला, पण खेळ दरवर्षी चालणार, आणि खेळाला शिस्त हवी. आमच्या शेजारी बस, आणि पुढे हाच नियम राख."

"नाही," शाल्मली म्हणाली. "उद्या माहुताचा हत्ती आजारी पडेल, परवा मी पडेन. न आलेल्याची बाहुली आम्ही उचलून नेऊ, आणि जिथे त्याच्यावाचून अडेल तिथे थांबू. बाहुली जाळायला माझा हात उठणार नाही, आणि तुमचा मी उठू देणार नाही."

थोरल्यांनी मधल्यांकडे पाहिले, मधल्यांनी धाकट्यांकडे. धाकटे पंच खाली पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी उठून अग्नीवर पाण्याची घागर ओतली.