जोडे आधी पोचले!

शर्यत हरले तर पोरीला घेऊन जायचं कुठे, या एकाच काळजीने गिरजाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शिंगरगडची पत्रं डोंगरापलीकडे पोचवायचं काम तिचं. नवरा गेल्यापासून पत्रांची थैली तिच्या खांद्यावर आली होती, आणि थैली होती म्हणून गडाखालचं खोपट होतं. गिरजा अनवाणी धावे. पत्र कधी उशिरा पोचलं नव्हतं. पण राजा धाररावांचा मेहुणा फत्तेराव नवे करकरीत जोडे घालून गडावर आला आणि राजाला एकदम साक्षात्कार झाला, की अनवाणी जासूद म्हणजे गादीचा अपमान!

"भिकाऱ्यासारखी उघडी पावलं घेऊन माझी पत्रं नेतेस?" राजा भर दरबारात कडाडला. "उद्या शर्यत! माथ्यावरची घंटा वाजवून गडाच्या दरवाजाशी परत यायचं. आधी पोचेल त्याची थैली. फत्तेराव देवराईतल्या सरळ वाटेने जातील. तू करवंदीच्या जाळ्यांतून, वळसा घालून!"

"महाराज, ती वाट दुप्पट लांब आहे."

"मग दुप्पट वेगाने धाव!"

दरबारी खो खो हसले. हुकुमावर शिक्का बसला.

गिरजा पंतोजींची लेक. तिने हुकुमाचा कागद दहादा वाचला, पण सुटका काही दिसेना. एवढं शिकून उपयोग काय, असं तिला नेहमीप्रमाणे वाटून गेलं. सकाळी वेणी घालून घेता घेता सहा वर्षांची सोनकी म्हणाली, "आई, फत्तेमामा देवराईत जोडे काढणार ना गं?"

गिरजाच्या हातातली वेणी सुटली. देवराई म्हणजे देवीचं रान! राजाच्या आजोबांनीही हद्दीच्या दगडाशी जोडे काढले होते. हा राजा तिथे जाई तो पालखीतून; त्याच्या कुठून लक्षात राहणार?

दरवाजाशी ही गर्दी! फत्तेराव जोडे करकर वाजवत आला. "अगं बाई, काय या टाचा! भेगांत माझं बोट जाईल की! हरलीस तर काळजी करू नकोस हो, माझे जोडे पुसायला ठेवीन तुला!"

गिरजाने तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तोंडच उघडेना. नगारा वाजला, फत्तेराव सुटला, आणि मग कुठे तिचा आवाज फुटला. लोक पुढे याला तिचं धोरण म्हणाले. तिनेही कुणाची समजूत खोडली नाही.

"महाराज, मामासाहेब जोडे घालूनच देवीच्या रानात शिरणार का?"

गर्दीतला देवीचा पुजारी राजाकडे टक लावून बघू लागला. राजाने ओठ चावला आणि ओरडला, "फत्तेराव! दगडाशी जोडे काढा!"

"मग मी दुसऱ्या वाटेने जातो!"

"शिक्का बसलाय, महाराज," गिरजा हळूच म्हणाली आणि धावत सुटली.

काटे, धोंडे, घसरती माती, सगळं तिच्या तळव्यांच्या ओळखीचं. देवराईतून मात्र हाका येऊ लागल्या. "अगं आई गं! काटा! मुंगळा! अरे, पालखी पाठवा कुणीतरी!" भोई धावले. तेही अनवाणीच!

घंटा वाजवून गिरजा परत आली, तेव्हा पालखी अजून दूर डुलत होती. दरवाजाशी मात्र मखमली गादीवर फत्तेरावाचे जोडे होते. सेवकाने ते हद्दीवरून अदबीने उचलून आणले होते.

"मी जिंकले, महाराज!"

"थांब!" राजा हट्टाला पेटला. "शर्यत कुणाची होती? उघड्या पायांची आणि जोड्यांची! जोडे तुझ्या आधी इथे पोचले. म्हणजे जोडे जिंकले. ठेव थैली खाली!"

गिरजाला दहा उत्तरं सुचली आणि दहाही तिला बावळट वाटली. तेवढ्यात सोनकीने तिच्या खांद्यावरची थैली ओढून घेतली, गादीपाशी नेली आणि जोड्यांवर टेकवली.

"घ्या! आता निघा म्हणावं यांना. पत्र पोचलं की आम्हाला कळवा!"

सगळ्यांच्या माना जोड्यांकडे वळल्या.

"चला ना!" सोनकीने जोड्यांना दटावलं. "उशीर होतोय की!"

राजाने जोड्यांकडे पाहिलं. जोडे काही हलेनात. राजाची मिशी मात्र हलली आणि तो असा हसला, असा हसला, की पगडी कलली!

"हरलो, पोरी! थैली तुझ्या आईची, खोपट तुमचं, आणि वर भाताची दोन खाचरं!" मग तो गिरजाकडे वळला. "खरं सांग बाई, एवढं धावून पाय दुखत नाहीत?"

"मुळीच नाही, महाराज!" गिरजाने मान ताठ केली. "आमच्या पावलांना सवय आहे."

"शाब्बास! आणि पोरी, तुला काय हवं?"

"काही नको म्हण," गिरजा तिच्या कानात पुटपुटली.

सोनकीने दरवाजातून आत येणाऱ्या पालखीकडे बोट दाखवलं. "मामा उतरले की आईला त्याच पालखीतून घरी सोडा. नाहीतर तिचे पाय चेपून चेपून माझेच हात दुखतात!"