आरपार बाण

एका राज्यात, जिथे डोंगर आपापसात बोलत आणि झाडे ते ऐकत, तिथे बाण किती लांब जातो यावरून माणसाचा मान ठरे. दसऱ्याच्या मैदानात ज्याचा बाण सर्वांच्या पुढे पडे, त्याच्या डोक्यावर राजा स्वतः तुरा खोवी. म्हणून तिथले बाण बोरूचे, पिसासारखे हलके असत, आणि शोभेसाठी त्यांना रुंद सोनेरी पाती बसवत.

त्या राज्याच्या रानात एक काळवीट फिरे. त्याच्या अंगात इतके बाण अडकलेले होते की दुरून ते चालते झुडूप वाटे. बाण बोटभर आत जाई, तिथेच राही. काळवीट मरत नसे. ज्याचा बाण त्याच्या अंगात अडके, तो मात्र जागच्या जागी दगड होऊ लागे. रानाच्या कडेला असे कितीतरी दगडी वीर धनुष्य ताणून उभे होते.

एके दिवशी राजा शिखरसेनानेही बाण सोडला. तो बाण विजेसारखा गेला, काळविटाच्या खांद्यात रुतला आणि तिथेच थरथरत राहिला. राजाची पावले दगडाची झाली. दगड रोज थोडा वर चढू लागला.

राणी केतकी त्याच्यापाशी बसून राहिली. दगड छातीपर्यंत आला तेव्हा राजा तिला म्हणाला, "तू परत जा. राज्याला निदान राणी तरी राहू दे." ती गेली नाही. दगड गळ्यापर्यंत आला, राजाचे बोलणे थांबले, आणि त्याच दिवशी शेजारच्या सागावर चोच मारणारा सुतारपक्षी मान वळवून बोलला.

त्याने तिला सगळे सांगितले. हे काळवीट म्हणजे तिच्या सासरचाच मूळपुरुष, राजा भद्रसेन. त्याने एका हरणाला अर्धवट बाण मारला, आणि मागावर न जाता तो मेजवानीला गेला. हरीण कितीतरी काळ तडफडत राहिले. त्या रानाच्या चेटकिणीने ते पाहिले आणि शाप दिला: तो काळवीट होऊन फिरेल, आणि त्याच्यात अर्धवट बाण अडकवणारा दगड होईल. जो बाण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल, तोच हा शाप तोडील.

"माझ्या दंडात राजाएवढे बळ नाही," राणी म्हणाली.

"माझ्यात तरी कुठे आहे? पण साग मला वाट देतो," पक्षी म्हणाला. "तीन ठिकाणी जा. पहिल्या दोन ठिकाणी एकदाच निवडता येईल. उचललेले परत ठेवता येणार नाही."

पहिली होती पात्यांची गुहा. तिथे चंद्रकोरीची, कमळाची, तीन पंखांची पाती आपल्याच उजेडात गुणगुणत होती. राणी थक्क होऊन उभी राहिली. हात लावायचा नव्हता, म्हणून तिने डोक्याचा एक केस तोडून प्रत्येक धारेवर सोडला. बहुतेक पात्यांवरून तो घसरून पडला. थोड्या पात्यांवर नुसत्या स्पर्शाने तुटला. त्यांतही रुंद होती आणि अरुंद होती. रुंद पाते मोठे भोक पाडील, पण तेवढे भोक पाडताना त्याचे बळ कातडीतच सरेल, असा तिने विचार केला. शेवटी बांबूच्या पानासारखे लांब, निमुळते, दुधारी, जाड कण्याचे एक काळपट पाते तिने उचलले. सोनेरी पाती कुरकुरली, मग गप्प झाली.

दुसरे होते काठ्यांचे बन. बोरू हवेत तरंगत होते आणि मला घे, मला घे म्हणत तिच्या गालाला लागत होते. खाली मातीत एक भरीव बांबू उभा होता, पात्याच्या मानेहून किंचित बारीक.

"मी जड आहे," तो म्हणाला. "लांब जाणार नाही."

"मला लांब जायचे नाही," राणी म्हणाली. "आत जायचे आहे."

तिसरा होता वाऱ्याचा दरबार. तिथे बिनपिसांचा बाण वाळूच्या ढिगावर मारून दाखवावा लागे. राणीने पाते बांबूला बसवून आपल्या धनुष्याने बाण मारला; तो तिरका रुतला. वारा हसून म्हणाला, डोलत जाणारा बाण वाटेतच दमतो. राणीने बांबू तासला, पुन्हा मारला, पुन्हा तासला. धनुष्याला काठी मानवली तेव्हा बाण खिळ्यासारखा सरळ रुतून बसला. वाऱ्याने मान झुकवली. सुतारपक्ष्याने आपल्या पंखातली तीन पिसे काढून दिली.

ती परतली तेव्हा दगड राजाच्या हनुवटीला लागला होता. राजाजवळ पहाऱ्याला उभ्या असलेल्या सेनापती दुर्जयाने तिच्या हातातला बाण पाहिला. "राणीसाहेब, हा बाण की मुसळ? मैदानात हा माझ्या सावलीपलीकडे पडायचा नाही."

"तुमची सावली जरा बाजूला घ्या," राणी म्हणाली, आणि रानात शिरली.

काळवीट समोर आले. छाती पुढे, हाडांची भिंतच. राणीने बाण सोडला नाही. तिकडे दगड राजाच्या ओठांकडे सरकत होता, हे तिला ठाऊक होते. तरीही तिने दोरी ओढली नाही. काळवीट वळले, किंचित पाठमोरे झाले, चरण्यासाठी त्याने पुढचा पाय पुढे टाकला. खांद्यामागची मऊ जागा उघडी पडली.

तेव्हा तिने सोडला.

आवाज आला तो पलीकडच्या मातीत बाण रुतल्याचा. काळविटाने दोन घास गवत खाल्ले. मग मान वर करून माणसाच्या आवाजात विचारले, "मुली, बाण सोडलास का?"

"सोडला, महाराज."

"लागला का?"

"आरपार गेला."

"मला कळलेसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि झोप आल्यासारखे गवतात बसले. अंगातले बाण एकेक गळून पडले. उरला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा राजा. राणीने त्याचे डोके मांडीवर घेतले. "माझ्या त्या हरणाला," तो पुटपुटला, "असे मरण द्यायला हवे होते." त्याने डोळे मिटले.

रानाच्या कडेला दगडांना श्वास फुटला. कित्येक पिढ्यांचे वीर ताणलेली धनुष्ये सैल सोडत, डोळे चोळत चालू लागले. राजा शिखरसेन सर्वांत आधी धावत आला. पक्ष्याचे बोलणे त्यानेही ऐकले होते; राणीच्या मांडीवर कोण आहे हे त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि दोघांनी मिळून आपल्या पूर्वजाला उचलले.

रान त्यांना वाट देत गेले. त्या रानाला जशी शांती लाभली, तशी ही कथा ऐकणाऱ्यांच्या घरी लाभो.