न उघडलेला नट

"वास कसला येतोय रे?" उस्तादांनी विचारलं.

"जुन्या ऑइलचा," गाडीखालून दामोदर म्हणाला.

"जुन्या?"

दामोदरचा हात पान्यावर तसाच थांबला.

"शिमग्यात नवं भरलंस ना तू?"

...

गाडीखाली पाना पुन्हा फिरू लागला.

हसनमियाँ पारकर म्हणजे पोफळवण्याचे उस्ताद. घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेले, नजर अधू झालेली. दाराशी लाकडी बाकावर बसून ते गाडीचा आवाज ऐकत, तेल बोटांत चोळून पाहत आणि दुखणं सांगत.

दामोदर शिगवण त्यांचा शिष्य. अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली. आता सगळं काम तोच करी. हाताला यश होतं, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. "उस्तादांना दिसत नाही ते मला दिसतं," असं तो चारचौघांत बोलून दाखवी. उस्ताद ऐकून घेत.

आज समोर होती ती पिकअप इंदुमती घाग यांची. बावीस वर्षं वापरातली. इंदूताई आंब्याकाजूच्या कलमांची रोपवाटिका चालवत, आणि गाडीही स्वतःच चालवत. शिमग्यात, पालखीच्या दिवशी, त्यांनी गाडी दोन्ही तेलं बदलायला आणली होती. एक गिअरबॉक्सचं, आणि एक डिफरन्शिअलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो त्या लोखंडी गोळ्याचं.

गिअरबॉक्सचं दामोदरने बदललं. गोळ्याचं बदलायला गेला, तर तेल भरायचा वरचा नट गंजून बसलेला. पाना फिरे, नट फिरेना. नटाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या. बाहेर पालखीचे ढोल वाजू लागले होते.

दामोदरने गोळा डिझेलने पुसून लख्ख केला. आणि न उघडलेल्या नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

काम पुरं झालं की उस्ताद तसा ठिपका देत. त्या ठिपक्यावर पंचक्रोशीतली माणसं डोळे मिटून भरवसा ठेवत.

"झालं, ताई," तो म्हणाला होता.

तीन महिन्यांनी, घाटमाथ्यावरून लेंडीखताची पोती घेऊन उतरताना, वळणावर मागची चाकं एकाएकी जाम झाली. गाडी आडवी घसरली आणि डोंगराच्या अंगाला आदळली. दुसऱ्या अंगाला दरी होती. इंदूताई वाचल्या. शेजारी बसलेली त्यांची धाकटी जाऊ, कुसुम, तिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

तीच गाडी आज ओढून आणली होती.

"दाखव," उस्ताद म्हणाले.

दामोदर सरपटत बाहेर आला. खालच्या नटातून गळालेलं तेल त्याने डबीच्या झाकणात आणलं. गोळ्यात ते निम्म्याहूनही कमी उरलं होतं. काकवीसारखं काळं, दाट. उन्हात त्यात लोखंडाचा कीस चमकत होता.

उस्तादांनी ते दोन बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं. नाकाशी नेलं.



तेवढ्यात इंदूताई आत आल्या. दोन रात्री झोप नसलेला चेहरा.

"उस्ताद, खरं सांगा. वजनानंच झालं ना? चार पोती जास्तीची घेतली मी. कुसुम नको नको म्हणत होती."

उस्तादांनी दामोदरकडे पाहिलं.

...

दामोदरने तेलाचं झाकण हळूच पाठीमागे नेलं.

"वजनानं..." तो म्हणाला, "होतं कधी कधी असं, ताई."

इंदूताईंनी मान हलवली. पदराने तोंड पुसलं आणि त्या बाहेर गेल्या. बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आत येऊ लागला.

"कुसुम, माझंच चुकलं गं. दामूभाऊपण तेच म्हणाले... नाही, नाही भूक मला. तू जेव."

दामोदर जमिनीकडे बघत उभा राहिला. आता उस्ताद बोलतील, असं त्याला वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

उस्ताद बाकावरून उठले. भिंतीला धरून गाडीपर्यंत आले. पोतं अंथरलं, एक गुडघा टेकला, मग दुसरा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पाठीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकू लागला.

"उस्ताद! तुम्ही नका. मी करतो."

"छिन्नी दे."

"उस्ताद..."

"छिन्नी. आणि हातोडी."

दामोदरने दिली.

उस्तादांनी बोटांनी चाचपून वरचा नट शोधला. त्याच्या कडांवरून बोट फिरवलं. ठिपक्यावरून फिरवलं. अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडून काढला.

मग हातोडीचा पहिला घाव पडला.

त्यांना नीट दिसत नव्हतं. काही घाव नटावर बसले, काही बोटांवर. दामोदर शेजारी उकिडवा बसून दिवा धरून होता. प्रत्येक घावाला त्याचे डोळे मिटत. मधे दोनदा उस्ताद दम खायला थांबले. 

अखेर नट करकरला. जरासा हलला. मग फिरला.

"घड्याळ बघ. किती वेळ गेला?"

"पाऊण तास."

"पाऊणच?"

दामोदरच्या हातातला दिवा खाली आला.

उस्तादांना त्याने ओढून बाहेर काढलं, पाठीला हात देऊन बसवलं. त्यांच्या बोटांवर रक्त आणि काळं तेल एकमेकांत मिसळलं होतं. दामोदर ते पुसायला गेला. उस्तादांनी हात मागे घेतला.

"उस्ताद, मला मारा."

"हात भरलेत."

"मग काढून टाका मला. आजच."

"काढलं की तू सुटलास. आणि बाहेर बसलीय ती?"

...

दामोदर उठला. गॅरेजच्या दारापर्यंतची दहा पावलं त्याला संपता संपेनात.

इंदूताई आंब्याखाली दगडावर बसल्या होत्या. तो समोर उभा राहिला. बसायचा धीर झाला नाही.

"ताई, वजनानं नाही झालं."

त्यांनी वर पाहिलं.

"गोळ्याचं तेल मी बदललंच नव्हतं. नट उघडत नव्हता. पालखी आली होती... मी रंग लावला आणि झालं म्हणालो. मघाशी पण खोटं बोललो. चार पोत्यांनी काही होत नाही या गाडीला."

इंदूताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत. हातातला फोन त्यांनी उचलला, नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला.

"मला नका सांगू. तिला सांगा."

दामोदरने फोन कानाला लावला. पलीकडे कुसुम होती. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. 



मग कुसुमने विचारलं, "अक्का जेवल्या का काही?"

 दामोदरने फोन इंदूताईंच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. मागे इंदूताई पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

पुढचे पाच दिवस दामोदरने दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला नाही. गोळा उतरवला. आतली जळलेली दातेरी चाकं, बेअरिंगं काढून नवी बसवली. गोळ्याचं रिकामं कवच तीनदा धुतलं. गिअरबॉक्सचं तेलही, ते खरोखरच नवं असूनसुद्धा, सोडून पुन्हा भरलं. वरच्या नटाच्या जागी नवा नट आणला.

गॅरेजात आलेल्या गिऱ्हाइकांनी विचारलं, या गाडीला काय झालं होतं? प्रत्येकाला त्याने खरं ते सांगितलं. एकजण आपली जीप तशीच परत घेऊन गेला.

उस्ताद बाकावर बसून ऐकत होते. बोटांना पट्ट्या होत्या. एका शब्दाने त्यांनी ना हटकलं, ना शाबासकी दिली.

सहाव्या दिवशी सकाळी इंदूताई गाडी न्यायला आल्या. दामोदरने किल्ली पुढे केली.

त्यांनी ती घेतली नाही.

"वरचा नट उघडा."

"ताई, आत्ताच मी..."

"उघडा."

दामोदर गाडीखाली गेला. नट उघडला. इंदूताईंनी साडी आवरून घेतली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर आडव्या झाल्या. भोकात बोट घातलं. तेल पहिल्या पेरालाच लागलं आणि बोट बाहेर काढताच काठावरून एक धार ओघळली.

त्यांनी बोट उजेडात धरलं. सोनेरी तेल होतं. बराच वेळ पाहिलं.

मग उठल्या. किल्ली घेतली. उस्तादांना हात जोडले आणि गाडी सुरू केली. दामोदरकडे त्यांनी पाहिलं नाही.

मागच्या चाकांचा कसलाही आवाज न करता गाडी घाटाच्या रस्त्याला लागली.

दामोदर ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. मग उस्तादांच्या पायाशी येऊन बसला.

"सगळ्यांना सांगितलं, उस्ताद. काम केलं. गाडी चांगली झाली. कुसुमवहिनींना भेटून आलो. त्यांनी चहासुद्धा दिला."

"हं."

"तरी मान वर होत नाही. जेवताना आठवतं. कोणी नुसतं नावानं हाक मारली तरी आठवतं."

"हं."

"ही लाज कधी जाईल, उस्ताद?"

उस्तादांनी पट्टी बांधलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

...

"गेली की मला सांग. त्या दिवसापासून तुला गाडीखाली जाऊ देणार नाही."