ओरखडा नसलेली खोली

शेवंताचं सामान टेम्पोत चढलं होतं. नव्या घराचं डिपॉझिट आजच भरायचं होतं, आणि घरमालक भाऊसाहेब जुनं डिपॉझिट सोडायला तयार नव्हते.

"भिंतींची वाट लावलीस, फरशी घालवलीस. दमडी मिळायची नाही!"

शेवंताला प्रश्न पडला, लेकरांना घेऊन आज झोपायचं कुठं?

तेवढ्यात एक बाई खोली भाड्यानं घ्यायला आल्या. भाऊसाहेब लगेच मऊ झाले. "बघा ताई, ओरखडासुद्धा नाही!"

शेवंता दारात आडवी उभी राहिली. "भाऊसाहेब, खोली चांगली असेल तर माझे पैसे का कापता? आणि खराब असेल तर ह्या ताईंना का फसवता?"

ताईंनी उघडलेली पर्स बंद केली.

"अगं, गंमत केली तुझी!" म्हणत भाऊसाहेबांनी डिपॉझिट काढायला आपलं पैशांचं कपाट उघडलं.