चोच लागलेलं कणीस

एका राज्यात सुगीचा पहिला मान पाखरांचा असे. राजा हेमांगद स्वतःच्या हाताने चौथऱ्यावर नव्या ज्वारीची ओंजळ ठेवी, पाखरं ती टिपत, आणि मगच घरोघरी नवी भाकरी थापली जाई.

पुढे भस्मकेतू नावाचा मांत्रिक आला. त्याच्या निळ्या भस्माची चिमूट शेतात टाकली की कणीस हातभर वाढे, कीड म्हणून शिवत नसे. राजा भलताच खूश झाला. फक्त पाखरं येईनाशी झाली. आता रीत मोडायची कशी? राजाने चांदीची पाखरं घडवून चौथऱ्यावर बसवली आणि रीत पाळली म्हणून मिशीला पीळ दिला. धन्य तो राजा!

त्याच दिवशी राज्यातल्या अन्नाची चव गेली. लोक तिखटमीठ ओतून कसेबसे जेवत. राजकन्या कुंदकलिकेच्या मात्र घशाखाली घास उतरेना. पोर वाळत चालली, आणि राणी इरावतीचा जीव तीळतीळ तुटू लागला.

एका सकाळी खिडकीत म्हातारी साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, पाखरू शिवत नाही त्या दाण्याला शाप आहे. खरं पाखरू ओंजळ टिपेल, तेव्हाच तो उतरेल."

"मी काय करू?"

"मांत्रिकाने शेतांतून काढून गुहेतल्या रांजणात कोंडलेली गांडुळं सोडव. भस्म न लागलेलं बियाणं आण. आणि पीक उभं राहिलं की भिऊ नकोस."

राणी निघाली. भस्मकेतू राजाच्या पंगतीत लाडू हाणत होता, तेवढ्यात तिने त्याच्या गुहेतला रांजण फोडला. गांडुळं जमिनीत शिरली आणि आपापल्या शेताकडे चालू लागली. मग ती डोंगरावर गेली. तिथल्या धोंडाई नावाच्या म्हातारीने वाळल्या भोपळ्यातल्या राखेत जपलेली ज्वारी तिच्या ओटीत घातली. "सासूच्या सासूचं बी आहे, राणीसाहेब. सांभाळा."

राणीने शेणखत घातलं, बी पेरलं, स्वतः खुरपलं. कणसं भरू लागली, आणि पानोपानी अळ्या पडल्या.

मांत्रिक हजरच होता. "एकच चिमूट, राणीसाहेब. लेकीकडे बघा."

राणीने बांधावर निजवलेल्या लेकीकडे पाहिलं. पोरीला उठून बसवत नव्हतं. राणी फार भ्याली, तिचा हात पुढेही झाला. मग तिने तो पदरात गुंडाळला. "नको."

उजाडताच पाखरांचे थवे उतरले. त्यांनी अळ्या फस्त केल्या आणि जाता जाता कणसंही टोचली. मांत्रिकाच्या झोळीतल्या निळ्या भस्माची साधी राख झाली, भांडी घासायलासुद्धा न चालणारी.

सुगी झाली. कणसं लहान, त्यात टोचलेली. राजाने नाक मुरडलं, तरी चांदीची पाखरं उतरवून ओंजळ ठेवली. साळुंकीने पहिला दाणा टिपला.

राणीने भाकरी थापली. कुंदकलिकेने एक तुकडा मोडला, चावला, गिळला. मग म्हणाली, "आई, अजून एक." राणी चुलीपुढे बसून पोटभर रडली.

त्या राज्यात आजही बाजारात लोक कणीस उलटसुलट करून चोचीची खूण शोधतात. नसेल तर परत ठेवतात. राजासुद्धा.