मरायला तयार नसलेला संकासुर

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे संकासुर मरत नव्हता एवढं नक्की खरं. बाकीचं मला ज्याने सांगितलं, तो तेव्हा पालखीच्या मागे उभा होता आणि त्याला कमी दिसतं.

तर एकदा एक म्हातारे बुवा होते. दशावतारात संकासुर व्हायचे. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा. दशावताराच्या सुरुवातीला हा संकासुर वेद चोरतो, विष्णू येऊन त्याला मारतो. विष्णू शुद्ध बोलतो, संकासुर मालवणी. लिहिलेलं काहीच नसतं, जे सुचेल ते बोलायचं.

बुवांचा एक शिष्य होता. शहरात राहून नाटकाचं शिकून आला होता. त्या वर्षीच्या जत्रेत, आपल्याच गावात, तो पहिल्यांदा विष्णू होणार होता. आणि त्या गावाचा नियम असा, की संकासुर मेल्याशिवाय देवाची पालखी उठत नाही. ज्या विष्णूला तो मारता आला नाही, त्याने पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही. त्यात हल्ली दहाला लाऊडस्पीकर बंद. हवालदार पहिल्याच रांगेत घड्याळ बघत बसलेला.

साडेनऊला विष्णूने चक्र सोडलं. पुठ्ठ्याचं होतं, पण सोडलं झकास. संकासुराने ते हवेतच झेललं आणि वारा घ्यायला लागला.

"गार लागला हां! अजून घाल वारो."

लोक हसले. विष्णूने खणखणीत संस्कृत श्लोक म्हटला.

"मेल्या, ह्यो श्लोक शेजारच्या गावातलो विष्णू पण म्हणता. थय पण मी मराक नाय."

लोक पुन्हा हसले, पण जरा कमी. विष्णूने गदा मारली. संकासुराने पाठ खाजवून घेतली. आता कुणीच हसेना. पेटीवाल्याने पेटी थांबवली. पालखीचे भोई खांदा देऊन कधीचे उभे होते. त्यातला एक ओरडला, "रे, मार त्येका लवकर!"

विष्णूच्या कपाळावरचा निळा रंग घामाने डोळ्यांत उतरला. तो बुवांच्या कानाशी वाकला. "बुवा, मरा ना. पाया पडतो."

"मारलंस तर मरान," बुवा बुरख्याआडून पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "वेद व्हयेत ना? मग सांग, मी काय चोरलंय?"

"चार वेद!"

"ते मी सगळ्याच गावात चोरतंय. हयसर काय चोरलंय, ता सांग."

शिष्याने समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं. हवालदार उठून लाऊडस्पीकरवाल्याकडे निघाला. आणि तेव्हा विष्णूने, आजवर कुठल्याच विष्णूने केलं नव्हतं ते केलं. रंगमंचावरून खाली उडी मारली. त्याचा एक पुठ्ठ्याचा हात तिथेच पडला. उरलेल्या तीन हातांनिशी तो बायकांच्या रांगेत घुसला आणि गावातल्याच चंद्रभागाकाकींसमोर हात जोडून उभा राहिला.

"काकी, ह्याने तुमचं काय चोरलंय?"

काकी आधी घाबरल्या. साक्षात विष्णू! मग म्हणाल्या, "माझा काय चोरतलो? पावसात व्हाळावरचो साकव गेलो, तेव्हापासून नात घराक बसली हा. शाळेक कशी जातली?"

"आमची पण!" मागून कुणीतरी म्हणालं. "आमचो झील पण!" तिसरी मांडीवरच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली.

विष्णू धावत वर आला. "दुष्टा! ओढ्यावरचा लाकडी पूल तू गिळलास. पोरांची शाळा तू चोरलीस!"

संकासुराने छाती धरली. गुडघे वाकले. सगळं मैदान उठून उभं राहिलं. पण हा अजून पडेना.

"परत कोण बांधतलो?"

"मी!" शिष्य ओरडला. श्लोक नाही, काही नाही. नुसतं मी.

"आणि आम्ही!" भोई ओरडले.

संकासुर धाडकन कोसळला. दहा वाजायला एक मिनिट होतं.

पालखी उठली, ढोल वाजले. बुवा मात्र हलेनात. शिष्याने हाक मारली, हलवलं. बुरखा वर केला, तर डोळे मिटलेले. तो रडायला लागला. "मी खरंच मारलं यांना."

बुवांनी एक डोळा उघडला. "पालखी देवळाच्या वळणावरून गेली काय? नाय? मग थांब. तोवर मेलेल्याने उठूचा नसता."

पालखी वळली, तेव्हा बुवा उठून बसले आणि शिष्याशी बोलले. त्यांचं बोलणं मी सोज्वळ करून सांगतो, मूळ बोलण्यात बऱ्याच शिव्या होत्या.

"बाळा, शहरात जाऊन चक्र फेकायला शिकलास, ते बरंच केलंस. चक्र लागतंच. पण राक्षस प्रत्येक गावात वेगळ्या जागी मरतो. ती जागा त्या गावातल्या माणसांनाच ठाऊक असते. विष्णू विचारायला खाली उतरला, तर त्यात त्याचं काही जात नाही. गेला तर एखादा पुठ्ठ्याचा हात जातो."

सकाळी शिष्य कानामागे निळा रंग तसाच घेऊन ओढ्यात उभा होता, खांद्यावर फळी. संकासुर काठावर बसून चुका काढत होता.

झाली गोष्ट. आता संकासुराचा प्रश्न तुम्हाला. तुमच्या गावात त्याने काय चोरलंय? आठवत नाही? मग हरलात, उठा. दोन चहा आणि एक रश्शातला कटवडा, तुमच्याकडून. आणि वडा आणायला जाल तेव्हा तिथे चार माणसं बसलेली असतील, त्यांना विचारून या.