अध्यक्षांची शांत जागा

शेवंतीनगरात रोज संध्याकाळी वीज जायची आणि प्रसूतिगृहातली नाजूक बाळं काचेच्या पेटीतून काढून आईच्या छातीशी धरावी लागायची. म्हणून वीज कंपनीच्या अभियंता शलाका खांबेटे वस्तीतच सबस्टेशन उभारायची परवानगी मागायला आल्या.

नगररचना समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब गरजले, "घरांच्या मधोमध ते घरघरणारं धूड? मी रोज पहाटे टाकीजवळच्या कट्ट्यावर ध्यानाला बसतो. भिंतीला पाठ टेकली, की भर थंडीतही ऊब येते. सिद्ध जागा आहे ती! तिथल्याइतकी शांतता ठेवणार असाल, तरच परवानगी!"

सगळं सभागृह हसलं.

"अट मान्य," शलाकाताई म्हणाल्या. "त्या भिंतीमागे आमचंच एक लहान सबस्टेशन आहे, साहेब; ते आता अपुरं पडतं. तुमच्या पाठीला लागते ती ट्रान्सफॉर्मरची ऊब."

सभा उठली ती थेट कट्ट्यावर गेली. माणसं भिंतीला तळवे लावून श्वास रोखून उभी राहिली. भिंत खरोखर कोमट होती आणि आवाज कसलाच नव्हता. तात्यासाहेबांनी कान लावून पाहिला, मग पाठ टेकली आणि तिथंच बसून परवानगीवर सही केली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "नव्या भिंतीलाही एक कट्टा बांधा."